दीड लाखाचं होम थिएटर आणि तुटका न्यूट्रल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी मोठा टीव्ही, साउंडबार, प्रोजेक्टर किंवा पूर्ण होम थिएटर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनीही वाचा, कारण फ्रीज आणि मोबाईलचा चार्जर तर घरोघरी आहे आणि जी वायर टीव्ही जाळते तीच फ्रीजही जाळते.

मे महिना संपत आला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक वळवाचा पाऊस आणि दुसरी म्हणजे दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानासमोरची गर्दी. कुणाचा सेट-टॉप बॉक्स गेलेला, कुणाच्या टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट मेलेले, कुणाचा अँप्लिफायर चालूच होत नाही. दुकानदार मागचं झाकण उघडतो, काळी पडलेली जागा बोटाने दाखवतो आणि म्हणतो, "व्होल्टेज आलं होतं." आपण मान हलवतो. व्होल्टेज म्हणजे जणू पाहुणा, आला आणि गेला. कुठून आलं, का आलं, ते थांबवायचं काम कुणाचं होतं, हे कुणी विचारत नाही. बिल देतो आणि घरी येतो.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. एक, आपण संरक्षणावर पैसे खर्च करतो, पण उलट्या क्रमाने करतो. दोन, जो सेवेतला दोष आहे त्याला आपण नशीब म्हणतो, आणि म्हणून तो दुरुस्त होत नाही.

आधी घरातलं बघू, मग खांबावरचं.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "होम थिएटरसाठी चांगला यूपीएस कुठला?" किंवा "स्टॅबिलायझर लागेल का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. आजार कुठला ते न सांगता औषध मागण्यासारखं. विजेचे आजार तीन आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत.

पहिला आजार म्हणजे स्पाइक, म्हणजे सर्ज. वीज जवळपास कुठेतरी पडते, किंवा फीडर बंद-चालू होतो, तेव्हा लाईनवर हजारो व्होल्टचा झटका येतो. तो टिकतो सेकंदाच्या काही लाखाव्या भागाइतकाच. दिवा लुकलुकलेलाही कळत नाही, पण टीव्हीच्या आतल्या नाजूक चिपला तेवढं पुरतं.

दुसरा आजार म्हणजे टिकून राहणारं जादा व्होल्टेज. आपल्या घरी २३० व्होल्ट यायला हवेत. पण डीपीवरून येणाऱ्या चार तारांपैकी न्यूट्रलची तार तुटली, किंवा तिचा जोड जळून सैल झाला, तर घरात ३००, ३५०, अगदी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. आणि हे क्षणभर नसतं. मिनिटंच्या मिनिटं चालतं, कुणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत.

तिसरा आजार म्हणजे लाईट जाणं. भारनियमन, डीओ उडणं, झंपर तुटणं, काहीही कारण असो. यात उपकरण जळत नाही, पण मॅच अडकते. आणि बल्बवाला प्रोजेक्टर असेल तर नुकसानही होतं. त्याचा दिवा प्रचंड तापलेला असतो, बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ फिरून त्याला थंड करतो. लाईट एकदम गेली की पंखाही थांबतो, दिवा तसाच तापलेला राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं.

आता बघा आपण काय करतो. दीडशे-दोनशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतो, त्यावर लाल दिवा असतो आणि खोक्यावर "स्पाइक गार्ड" लिहिलेलं असतं. त्याला टीव्ही, साउंडबार, सेट-टॉप बॉक्स, वायफाय सगळं जोडतो आणि निर्धास्त होतो.

त्या बोर्डात खरंच काही असेल तर एक छोटीशी चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती गप्प असते. झटका आला की ती वाट मोकळी करून देते आणि जादा करंट टीव्हीकडे न जाता तिच्यातून निघून जातो. काम चांगलं करते. पण तीन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात. ती प्रत्येक झटक्याने थोडी थोडी झिजते, आणि एक दिवस संपते. बोर्ड मात्र चालूच राहतो, दिवाही लागतो. दुसरं, झटका जमिनीत सोडायला अर्थिंग लागतं, आणि ते नसेल तर तिचं निम्मं काम होतच नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही चकती क्षणभराच्या झटक्यासाठी आहे. न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट सतत येत राहिले तर ती स्वतःच जळते, कधी कधी बोर्डासकट. म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या आजारावर हे औषध नाहीच.

न्यूट्रलचं हे प्रकरण सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गल्लीत तीन फेज येतात. कुणाचं घर एका फेजवर, कुणाचं दुसऱ्या. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल ही सगळ्यांची परतीची वाट. ती तुटली की तुमच्या घरातला करंट परत जायला शेजारच्या घराची वाट धरतो. म्हणजे तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर एकापाठोपाठ एक जोडले जातात, आणि त्या दोघांवर मिळून ४०० व्होल्ट पडतात. ही वाटणी समान होत नाही. ज्या बाजूला गिझर, इस्त्री, मोटर असा मोठा लोड चालू आहे तिकडे व्होल्टेज कमी पडतं, दिवे मिणमिणतात. ज्या बाजूला फक्त एक दिवा आणि एक टीव्ही चालू आहे तिकडे व्होल्टेज चढतं. म्हणजे रात्री शांतपणे सिनेमा बघत बसलेल्याचाच टीव्ही जातो. एका गल्लीत काही घरांतलं सगळं जळतं आणि समोरच्या घरात काहीच होत नाही, त्याचं कारण हे आहे. यात कुणाची नजर लागलेली नसते.

याची खूण ओळखा. दिवे अचानक नेहमीपेक्षा लख्ख झाले, पंखा वेड्यासारखा फिरायला लागला, किंवा उलट एका खोलीत मंद आणि शेजारच्यांकडे लख्ख, तर विचार करत बसू नका. आधी मेन स्विच पाडा. मग शेजाऱ्यांना हाक मारा. फोन नंतर.

या आजारावर औषध आहे आणि ते महागही नाही. मीटरनंतर, मेन स्विचच्या शेजारी बसणारा ओव्हर व्होल्टेज-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. छोटा डबा, समोर आकडे दिसतात. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं, साधारण २६०-२७० व्होल्टला लावून ठेवतात, की तो पूर्ण घराची लाईन तोडतो. व्होल्टेज ठिकाणावर आलं की थोडा वेळ थांबून पुन्हा जोडतो. साधारण दोन-तीन हजारांच्या आत काम होतं. ६० हजारांच्या टीव्हीसमोर ही रक्कम काहीच नाही. घेताना एवढंच बघा की तुमच्या मेनचा अँपिअर जेवढा आहे त्यापेक्षा डबा कमी अँपिअरचा नको, आणि तो लायसन्सधारक वायरमनकडूनच बसवून घ्या.

स्टॅबिलायझरचं काय? आजचे बहुतेक एलईडी टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागे स्टिकरवर लिहिलेलं असतं, वाचा. म्हणजे कमी व्होल्टेजसाठी टीव्हीला स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. ज्या वस्तीत व्होल्टेज रोजच २५० च्या वर असतं तिथे उपयोग आहे, आणि तोही जादा व्होल्टेजला लाईन तोडणारा असेल तर. फ्रीज आणि एसीचं गणित वेगळं, त्यांच्यात मोटर आहे.

झटक्यासाठी खरं औषध म्हणजे मेन बोर्डात बसणारं एसपीडी, सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. घरासाठी टाइप २ लागतं. त्यावर छोटी खिडकी असते, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की आतली पट्टी बदलायची. बसवताना त्याच्या वायरी जितक्या आखूड तितकं चांगलं, अर्ध्या मीटरच्या आत. वायरमनने हौसेने गोल गोल फिरवून वायर जोडली तर निम्मा फायदा गेला. मेन बोर्डात एसपीडी आणि टीव्हीजवळ चांगल्या कंपनीचा, ज्यूलचा आकडा लिहिलेला स्पाइक गार्ड, अशी दोन पायऱ्यांची अडवणूक असावी.

आणि एक वाट सगळेच विसरतात. झटका फक्त प्लगमधून येत नाही. गच्चीवरच्या डिशची वायर, खांबाखांबावरून आलेली केबलवाल्याची वायर, इंटरनेटची लॅन केबल, या सगळ्या वाटा आहेत. वीज गच्चीजवळ पडली की झटका डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत आणि अँप्लिफायरमध्ये. प्लग काढलेला असला तरी. म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची वायरही काढा. याला शून्य रुपये लागतात आणि यापेक्षा खात्रीचा उपाय अजून कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की इशारा देतं. शेतात जाणाऱ्यांनी तर ते मोबाईलमध्ये ठेवायलाच हवं, टीव्ही नंतर.

आता अर्थिंग. इथे आपली खरी गोम आहे.

घर बांधताना फरशी इटालियन, किचन मॉड्युलर, पीओपीत रंगीत दिवे. अर्थिंगचं विचारलं तर बिल्डर म्हणतो, "आहे की." कुठे आहे? कुणी बघितलंय? कितीतरी घरांत तीन पिनांचं सॉकेट आहे, पण वरच्या जाड पिनेला मागे वायरच जोडलेली नाही. नुसतं भोक. जुन्या चाळी आणि वाड्यांचं तर सांगायलाच नको. काही ठिकाणी त्याहून भयानक, अर्थची वायर न्यूट्रललाच बांधून टाकलेली. उद्या न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट. मग प्रश्न टीव्हीचा राहत नाही, हात लावणाऱ्या माणसाचा होतो.

वायरमनला बोलवा आणि मीटर लावून समोर मोजायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढं व्होल्टेज, जवळपास तेवढंच फेज आणि अर्थमध्ये दिसलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे २०-३० व्होल्ट दिसले तर काहीतरी गडबड आहे. खड्डा जुना असेल, माती कोरडी झाली असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला किंवा नवीन खड्डा घ्या. हे झाल्याशिवाय दहा हजारांचा सर्ज प्रोटेक्टर लावणं म्हणजे गटार नसलेल्या घराला मोठी मोरी बांधणं. पाणी जाणार कुठे?

आणि त्याच वेळी मेनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का तेही बघा. ती उपकरणं वाचवत नाही, माणूस वाचवते. अनेकांना वाटतं आरसीसीबी आहे म्हणजे व्होल्टेजपासूनही बचाव झाला. नाही. दोन्ही वेगळी कामं.

एवढं झाल्यावर मग बॅकअप. इथे दुकानदार आणि आपण दोघंही भावनेच्या भरात असतो, म्हणून आकडे मांडतो.

५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० ते १५० वॉट घेतो. अँप्लिफायरवर "७०० वॉट" लिहिलेलं असलं तरी घरच्या आवाजात तो सरासरी १०० वॉटच्या आसपासच खातो. सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय मिळून २०-२५. म्हणजे साधारण २५० वॉट धरा.

कॉम्प्युटरसाठी येतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बघा. व्हीए म्हणजे वॉट नव्हे, तो जेमतेम ३६० वॉट देतो. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-अवर. २५० वॉटवर तो दहा मिनिटंसुद्धा नीट टिकणार नाही. त्याचा उपयोग एवढाच की प्रोजेक्टर शिस्तीत बंद करता येतो, वायफाय चालू राहतं. तेवढ्यासाठी घेत असाल तर उत्तम. "यूपीएस आहे, आता अख्खी मॅच बघू" असं वाटत असेल तर पैसे वाया.

घरचा इन्व्हर्टर घ्या. १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर, पण सगळी काढता येत नाही, मध्ये गळतीही आहे. हाताशी ११००-१२०० लागतात. फक्त होम थिएटर चालवलं तर चार-साडेचार तास. पण घरात त्याच वेळी दोन पंखे, चार दिवे चालूच असतात, म्हणून अडीच-तीन तास धरा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मात्र इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा घेतला तर ज्या अँप्लिफायरमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आहे तो घूंऽऽ असा गुणगुणतो, तापतो. पंखेही ओरडतात. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा, म्हणजे लाईट गेल्यावर बदल इतका पटकन होतो की टीव्ही बंद पडत नाही. आणि लक्षात ठेवा, साधा इन्व्हर्टर लाईट असताना बाहेरची वीज जशीच्या तशी आत सोडतो. तो झटका अडवत नाही. "इन्व्हर्टर आहे, मला काय धोका" हा मोठा गैरसमज आहे.

तर खर्चाचा क्रम असा हवा: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग जादा व्होल्टेजला लाईन तोडणारा प्रोटेक्टर, मग एसपीडी, आणि शेवटी बॅकअप. आपण नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतो. कारण बॅकअप दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. अर्थिंगचा खड्डा कुणाला दाखवणार?

हे झालं घरातलं. आता खांबावरचं, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

वर सांगितलेला सगळा खर्च आपण का करायचा? विजेचं बिल भरतो ते कशाचं? नुसत्या युनिटचं नाही. ठरलेल्या व्होल्टेजने, ठरलेल्या दर्जाची वीज घरापर्यंत आणून देण्याचं. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतसुद्धा लो व्होल्टेजच्या ग्राहकाला ठरलेल्या व्होल्टेजच्या ६ टक्के वरखाली एवढीच मुभा होती. म्हणजे २३० धरले तर २१६ ते २४४. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या तर नावातच "पॉवर क्वालिटी" आलेली आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेचे मानक ठरवायचे आणि ते मोडले तर ग्राहकाला भरपाई द्यायची, हे स्पष्ट आहे. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत ज्या गोष्टींसाठी भरपाई धरली आहे त्यात व्होल्टेजच्या तक्रारी किती वेळात सोडवल्या हाही मुद्दा आहे.

कागदावर सगळं आहे. मग होत का नाही? कारण तक्रारच नाही.

एखाद्या गल्लीत न्यूट्रल तुटला, दहा घरांतली उपकरणं गेली, तर होतं काय? सगळे खांबाखाली जमतात. कुणीतरी ओळखीच्या लाईनमनला फोन लावतो. तो येतो, जोड मारतो, लाईट येते. टाळ्या. त्याला चहा. लेखी तक्रार? एकाचीही नाही. म्हणजे कंपनीच्या दप्तरी त्या रात्री त्या गल्लीत काहीही घडलेलं नाही. पुढच्या वर्षी देखभालीचा पैसा कुठे लावायचा हे ठरवताना तुमची डीपी कागदावर ठणठणीत आहे.

लाईनमनला मी दोष देत नाही, हे आवर्जून लिहितो. भर पावसात खांबावर चढणारा तोच असतो, अनेकदा कंत्राटी असतो, एकेकाकडे गावंच्या गावं असतात. दोष त्याच्या जोडाचा नाही, तो जोड तात्पुरता होता आणि तात्पुरताच राहिला याचा आहे.

आणि थोडं आपल्याबद्दलही. डीपीच्या अर्थिंगची तांब्याची पट्टी चोरून भंगारात कोण विकतं? बाहेरगावचे येऊन? सणासुदीला, लग्नाला खांबावर आकडा कोण टाकतं? एका फेजवर सगळा लोड लादला की न्यूट्रलवरचा ताण वाढतो, जोड तापतो, आणि तो नेमका वळवाच्या वाऱ्यात तुटतो. आकडा टाकणाऱ्याचं बिल वाचतं, शेजाऱ्याचा टीव्ही जातो. हे आपण एकमेकांना तोंडावर सांगायला शिकलं पाहिजे.

काही जण म्हणतील, "अहो, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही होम थिएटरचं घेऊन बसलात." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. दीड लाखाचं होम थिएटर गेलं तर मालक दोन दिवस चिडतो आणि नवीन हप्ता सुरू करतो. त्याच रात्री त्याच न्यूट्रलने शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनची मोटर जाते, कुणाच्या फ्रीजमधलं इन्सुलिन जातं, पिठाच्या गिरणीचा बोर्ड जातो, पोराचा अभ्यासाचा कॉम्प्युटर जातो. त्यांना प्रोटेक्टर, एसपीडी, इन्व्हर्टर परवडत नाही. ज्याला परवडतं तो स्वतःपुरता बंदोबस्त करून मोकळा होतो आणि मग त्याला खांबावर काय चाललंय याच्याशी देणंघेणं राहत नाही. पाण्याचं हेच झालं. ज्यांनी बोअर मारले त्यांनी नळाबद्दल बोलणं सोडलं. विजेचं तसं होऊ द्यायचं नसेल तर बोलू शकणाऱ्यांनी, लिहू शकणाऱ्यांनी आता लिहायला हवं.

म्हणून घटना घडली तर एवढं करा.

मेन पाडल्यावर, जमलं तर प्रोटेक्टरवरचा किंवा मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा मोबाईलमध्ये टिपून घ्या, पण जीव धोक्यात घालून नाही. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फक्त ओळखीच्या लाईनमनला फोन करून थांबू नका. दुसऱ्या दिवशी ज्यांची ज्यांची उपकरणं गेली त्या सगळ्यांनी मिळून एकच लेखी अर्ज सबडिव्हिजनला द्या, पोच घ्या. अर्जात तारीख, वेळ, डीपीचं नाव किंवा नंबर, प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक आणि जळालेल्या वस्तू. दुरुस्तीवाल्याकडून "जादा व्होल्टेजमुळे बिघाड" असं लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्या, जळालेला बोर्ड फेकू नका. आग लागली, कुणाला शॉक बसला, तर विद्युत निरीक्षकांनाही कळवा.

दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत, मुंबईला आणि नागपूरला. जळालेल्या वस्तूची भरपाई मागायची असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वीजपुरवठा ही "सेवा" आहे, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. प्रत्येक वेळी पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पुरावा पक्का नसेल तर दावा पडतो. पण दहा सह्यांचा एक अर्ज दप्तरी लागला की ती डीपी कागदावर ठणठणीत राहत नाही. मला त्यातच जास्त रस आहे.

घटना घडायची वाट न बघता आत्ताच मागण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. प्रत्येक पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या तोडतात, चांगलं आहे, पण त्याच फेरीत डीपीचं अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड तपासले का, हे वॉर्डनिहाय लिहून जाहीर करा. जिथे जोड वारंवार तुटतो तिथे जोडावर जोड न मारता तार बदला. आणि तिसरं, नवीन मीटरबद्दल वाद चालू आहेत, त्यात मी इथे शिरत नाही, पण जे मीटर व्होल्टेजची नोंद ठेवतात त्यांची ती नोंद ग्राहकाला बघायला मिळाली पाहिजे. युनिटचा हिशोब जर मीटर सांगतो म्हणून आम्ही मान्य करायचा, तर ३५० व्होल्ट आले होते हेही मीटरनेच सांगू दे. मग "तुमच्या घरातली वायरिंग खराब असेल" हे उत्तर चालणार नाही.

सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींनाही एक विनंती. लिफ्टचं एएमसी करता, पाण्याची टाकी धुता. वर्षातून एकदा मीटर रूममधले जोड आणि इमारतीचं अर्थिंगही तपासून घ्या. न्यूट्रल नेहमी खांबावरच तुटतो असं नाही, मीटर रूमच्या गंजलेल्या पट्टीवरही तुटतो, आणि तिथे जबाबदारी कंपनीची नाही, आपली आहे.

वळवाला अजून थोडे दिवस आहेत. या रविवारी वायरमनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट आहेत ते मोजा. आकडा, गल्लीचं नाव आणि तुमची डीपी कुठली, एवढं कमेंटमध्ये लिहा. ज्या डीपीवरून चार-पाच जणांचे आकडे वाईट येतील, त्या डीपीसाठी आपण मिळून अर्ज करू. मसुदा मी लिहून देतो, सह्या तुम्ही गोळा करा.